आठ वर्षांचा मुलगा, रात्री झोप नाही, मारणं-चावणं वाढलंय. रिस्पेरिडोन सुरू करावं का?

पिल्लूची_आई, सिंहगड रोड

नमस्कार. वर्षभर इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, मोठं होईल, सांभाळून घ्या.

मुलगा आठ वर्षांचा, वजन २४ किलो. साडेतीन वर्षांचा असताना ऑटिझमचं निदान झालं. शब्द चार-पाचच, आई, पाणी, नको, भूर, आणि कुकरला तो शू म्हणतो. ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) आणि स्पीच थेरपी आठवड्यातून तीन दिवस, शाळा स्पेशल. मेपर्यंत जमेल तसं बरं चाललं होतं आमचं, जूनपासून मात्र सगळी घडीच विस्कटलीये.

रात्री दहाला लाईट बंद करते पण हा एक, दीड, परवा तर पावणेतीनला झोपला आणि साडेपाचला उठून बसला. मधल्या वेळात उड्या. खालच्या मजल्यावरचे काका भले आहेत, दोनदा वर आले पण आवाज न चढवता बाळ बरंय ना एवढंच विचारून गेले, मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. हॉलभर फोमच्या मॅट टाकल्यात आता.

आणि मारणं. आधी स्वतःच्याच हनुवटीवर मूठ मारून घ्यायचा. आता मला चावतो, दात रुतेपर्यंत. डाव्या दंडावर एक खूण पिवळी पडतीये तोवर शेजारी दुसरी निळी. लांब बाह्यांचे दोनच कुर्ते आहेत, तेच आलटून पालटून ऑफिसला घालते. तेही सोसलं असतं पण मागच्या गुरुवारी त्याने धाकटीला ढकललं, ती तीन वर्षांची आहे, टीपॉयचा कोपरा कपाळाला लागला, दोन टाके पडले. तिला घेऊन रिक्षात बसले तेव्हा हा खिडकीच्या गजाला तोंड लावून रडत होता.

डॉक्टरांनी, म्हणजे आमच्या डेव्हलपमेंटल पेडियाट्रिशियननी (मुलांच्या वाढ-विकासाच्या तज्ज्ञ), मारण्या-चावण्यासाठी रिस्पेरिडोन अर्धा एमजी रात्री आणि झोपेसाठी मेलाटोनिन ३ एमजी लिहून दिलंय. नीट समजावलं त्यांनी, पण तेव्हा धाकटी कडेवर रडत होती, माझ्या डोक्यात निम्मंच गेलं. घरी येऊन नाव गुगल केलं तर पहिलंच स्किझोफ्रेनिया. ती स्ट्रिप ११ दिवस झाले फ्रीजवर तशीच आहे. सासूबाई म्हणतात लहान लेकराला डोक्याच्या गोळ्या देऊ नको, आयुष्यभर सुटणार नाहीत. नवरा म्हणतो तू ठरव. मी काय ठरवू?

मला सगळ्यात जास्त भीती ही वाटते की तो मंद होईल. कुकरची तिसरी शिट्टी झाली की तो कुठे असेल तिथून टाळ्या वाजवत ओट्यापाशी येतो आणि माझ्याकडे बघून हसतो. दिवसातून तेवढं एकदाच तो माझ्याकडे सरळ बघतो. गोळीने ते गेलं तर?

ज्यांनी दिलंय त्यांनी खरं सांगा. वजन किती वाढतं, सवय लागते का, किती वर्षं द्यावं लागतं. आणि न देता काही करता येण्यासारखं राहिलंय का आमच्याकडे.

---

चिंचवडचा_बाबा

ताई, तुमची पोस्ट वाचून सहा वर्षांपूर्वीचं आमचं घर आठवलं. माझा मुलगा आता १३ चा आहे, आम्ही सातव्या वर्षी रिस्पेरिडोन सुरू केलं, तेव्हा तो डोकं भिंतीवर आपटायचा, बाथरूमची टाइल तडकली होती एवढ्या जोरात.

खरं सांगायचं तर फरक पडला आणि लवकर पडला. दहाव्या-बाराव्या दिवशी बायको म्हणाली आज दिवसभरात आपटलं नाही, आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. मंद म्हणाल तर पहिला आठवडा शाळेत बाकावर झोपायचा. आम्ही सकाळी देत होतो, डॉक्टरांना फोन केला, त्यांनी रात्रीवर ढकललं, मग झोप दिवसा आली नाही. नंतरही कधी तो दिवसभर पेंगलेला, लाळ गळतीये असा दिसला तर तो त्याचा स्वभाव बदलला असं समजू नका, डोस जास्त होतोय असं समजा आणि लगेच कळवा. हसणं आमच्याकडे गेलं नाही. उलट आपटणं थांबल्यावर जास्त दिसायला लागलं.

आता वाईट बाजू, ती लपवणार नाही. भूक. अशी भूक की रात्री उठून फ्रीज उघडून कणकेचा गोळा खाताना सापडला. आठ महिन्यात २६ चा ३५ किलो झाला. आमची चूक ही की सुरू करताना वजनच लिहून ठेवलं नव्हतं, वाढत्या वयाचं पोर आहे, अंग धरतंय, असं म्हणत राहिलो. रक्त तपासलं तेव्हा ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वर गेलेलं. मग डॉक्टरांनी हळूहळू कमी करत अ‍ॅरिपिप्राझोल नावाच्या दुसऱ्या औषधावर आणलं. तिथेही पहिले दहा दिवस वेगळाच त्रास, एका जागी बसेचना, हॉल ते बाल्कनी येरझाऱ्या, पाय थांबतच नव्हते, त्याला अकाथिसिया म्हणतात हे नंतर कळलं, डोस कमी केल्यावर गेलं. गेली चार वर्षं त्यावर ठीक आहे, वजनही आटोक्यात आलंय.

तर तुम्ही एक करा, पहिली गोळी द्यायच्या आधी वजन, उंची आणि पोटाचा घेर लिहून ठेवा, काट्याचा फोटो काढा. नंतर दर आठवड्याला त्याच काट्यावर, त्याच वारी. आणि बिस्किटं, फरसाण घरात आणूच नका, त्याला भूक लागणारच आहे तर हाताशी काकडी, चुरमुरे, फुटाणे असू देत. नंतर तोडणं फार अवघड जातं हो, आमच्याकडे फ्रीजला कुलूप लावायची वेळ आली होती.

जाता जाता, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर काढा, आणि नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना घ्या, वर्षाला १ लाखापर्यंत आहे, ओपीडी, औषधं, तपासण्या, थेरपी यांचे ठरलेल्या मर्यादेत पैसे मिळतात. औषध महाग नाही पण तपासण्या आणि थेरपीचा खर्च सलग चालू राहतो.

---

लेकीसाठी_काहीपण, कोथरूड

ताई, तो हनुवटीवर मूठ मारून घ्यायचा असं लिहिलंत ना, तिथेच मी थांबले. दात बघितलेत का त्याचे?

माझी लेक दहा वर्षांची, बोलत नाही. मागच्या वर्षी उजव्या कानापाशी हाताने मारून घ्यायला लागली, मग मला मारायला लागली, झोप गेली. आम्ही सरळ औषध सुरू केलं, दोनदा वाढवलंही. तीन महिने. मग एक दिवस पोळीचा तुकडा तिने डावीकडूनच चावला आणि उजवा गाल हाताने धरला, ते माझ्या नजरेला पडलं म्हणून डेंटिस्टकडे नेलं. बसू तर देतच नाही ती, शेवटी भूल देऊन तपासलं, उजवीकडची खालची दाढ आतून पूर्ण किडलेली, मुळाशी पू. दाढ काढली आणि चौथ्या दिवशी मारणं थांबलं. थांबलं म्हणजे पूर्णच. औषध नंतर डॉक्टरांनी हळूहळू बंद केलं.

तीन महिने माझं बाळ दाढदुखीने तळमळत होतं आणि मी तिला शांत करायची गोळी देत होते. हे लिहिताना आजही हात थरथरतात. मी औषधाच्या विरोधात अजिबात नाही, पण जी मुलं सांगू शकत नाहीत त्यांचं दुखणं आपणच शोधायला लागतं. दात, कान, घसा, पोट. शी रोज होते का, किती कडक होते, हे बघा. नुसती होते म्हणजे पोट साफ असतं असं नाही.

---

वाकडचे_पालक

आमच्या ओळखीत एकांनी बाहेरून मेलाटोनिनच्या गमी मागवल्यात, मुलं चॉकलेटसारख्या खातात, गोळीची कटकटच नाही. आणि स्टेम सेलचंही कोणी केलंय का, आम्हाला एकाने खूप आग्रह केलाय, खर्च बराच आहे पण मुळापासून बरं होतं म्हणे.

---

बालरोग_हडपसर

मी बालरोगतज्ज्ञ आहे, वाढ-विकासाच्या ओपीडीत काम केलंय. डोस इथे कुणालाच सांगणार नाही, तो मूल बघूनच ठरतो, पण काही गोष्टी स्पष्ट व्हायला हव्यात.

वाकडचे पालक, आधी तुमचं. स्टेम सेलच्या नादी लागू नका, कळकळीने सांगतो. ऑटिझमवर स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही असं नॅशनल मेडिकल कमिशनच्या एथिक्स बोर्डाने 2022 साली सांगितलंय. तो पैसा थेरपीला लावा. गमींबद्दल, 2017 साली कॅनडात मेलाटोनिनची ३१ उत्पादनं तपासली, लेबलवर लिहिल्यापेक्षा कुठे ८३ टक्के कमी तर कुठे ४७८ टक्के जास्त मेलाटोनिन निघालं. मुलाला नेमकं किती जातंय हेच कळत नसेल तर काय उपयोग. डॉक्टरांनी लिहून दिलेलं, औषधाच्या दुकानातलं घ्या. आणि चॉकलेटसारखं खातात हीच तर भीती आहे, डबा मुलांच्या हाताला लागेल असा ठेवूच नका.

आता ताई तुमचा प्रश्न. रिस्पेरिडोन मूळचं स्किझोफ्रेनियाचं औषध आहे हे खरंय, गुगल खोटं बोललं नाही. पण ऑटिझममधली तीव्र चिडचिड, म्हणजे मारणं, चावणं, स्वतःला इजा करणं, यासाठी अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, त्याला 2006 साली मान्यता दिली, ५ वर्षांपुढच्या मुलांना. अ‍ॅरिपिप्राझोलला 2009 साली, ६ वर्षांपुढे. त्याआधी 2002 मध्ये १०१ मुलांवर आठ आठवड्यांचा अभ्यास झाला होता, औषध मिळालेल्यांपैकी ६९ टक्के मुलांमध्ये चांगली सुधारणा दिसली, औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी मिळालेल्यांमध्ये १२ टक्के. म्हणजे उपयोग होतो. पण कशावर होतो ते नीट लक्षात घ्या, बोलणं, मिसळणं, नजर देणं यावर हे औषध काही करत नाही. ते आग विझवतं. शिकवायचं काम आपल्यालाच करायचं, पण पेटलेल्या घरात शिकवता येत नाही एवढंच. 2009 च्या एका अभ्यासात एका गटाला नुसतं औषध आणि दुसऱ्या गटाला औषधाबरोबर आईवडिलांना ट्रेनिंग असं दिलं होतं, दुसऱ्या गटातली मुलं जास्त सुधारली आणि त्यांना डोसही कमी लागला.

सुरुवातीला आणि मग डॉक्टर सांगतील तेव्हा तेव्हा वजन, उपाशीपोटी साखर, लिपिड म्हणजे रक्तातली चरबी, लिव्हरच्या तपासण्या. मुलाची छाती सुजल्यासारखी किंवा दुखरी वाटली तर लाजून गप्प बसू नका, रिस्पेरिडोनने प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढतं, ते तपासता येतं. मान एका बाजूला वळून ताठ होणं, डोळे वर चढणं, जीभ आत ओढल्यासारखी होणं, किंवा जोराचा ताप आणि अंग लाकडासारखं कडक होणं, यातलं काही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल. तोंडाच्या, जिभेच्या विचित्र हालचाली कधी दिसल्या तर तेही लगेच सांगा, ते उशिरा येऊ शकतं. सवय लागते म्हणजे व्यसन लागतं, तसं नाही. पण अचानकही बंद करायचं नाही. साधारण काही महिन्यांनी आम्ही बघतो, कमी करून चालतंय का, चालत असेल तर कमी करतो.

मेलाटोनिनने मूल झोपायला लवकर लागतं, मध्येच उठणं त्याने फारसं थांबत नाही, त्यामुळे दोन-तीनला उठतो म्हणून तेव्हा अजून एक गोळी असं करू नका. ते झोपायच्या अर्धा ते एक तास आधी. आणि गोळी देऊन टीव्ही लावला तर गोळी वाया, त्या उजेडाने शरीरातलं मेलाटोनिन दबतं. सर्दीची, अ‍ॅलर्जीची सिरपं गुंगी येते म्हणून झोपेसाठी देणारेही बरेच भेटतात, ते तर मुळीच नको.

कोथरूडच्या ताईंनी लिहिलंय ते लाख मोलाचं. त्यात माझी भर, रक्तातलं फेरिटिन बघा, त्यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो, लोह कमी असेल तर रात्रभर पाय झाडत राहतात, झोप लागत नाही. घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल तर अ‍ॅडेनॉइड, म्हणजे नाकामागच्या गाठी, तपासा. झोपेत झटके, एकटक बघत राहणं असं काही असेल तर ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींची तपासणी. हे सगळं तुमच्या डॉक्टरांना विचारा, ते चिडणार नाहीत. गोळी ११ दिवस दिली नाही हेही सांगा. लपवू नका, अर्धवट माहितीवर आम्ही डोस वाढवून बसतो.

---

स्पेशल_टीचर_कर्वेनगर

ताई एक वेगळंच विचारते. सिंहगड रोड म्हणालात, नदीच्या बाजूला आहात का? राजाराम पुलाच्या जवळपास?

कारण जुलै सुरू झाला की ढोल पथकांचा सराव सुरू होतो नदीपात्रात, पुलाखाली, लॉन्सवर. आपल्याला सवय असते, आपण टीव्हीचा आवाज वाढवतो. या मुलांना तो ढोल छातीत बसतो. माझ्या वर्गातली तीन मुलं दरवर्षी गणपतीच्या आधीचे दोन महिने बिघडतात आणि विसर्जनानंतर आपोआप बसतात, पालक मात्र थेरपिस्ट बदलत राहतात.

तुमचं जूनमध्ये सुरू झालं म्हणजे फक्त ढोल नसणार, शाळा, बसची वेळ, नवीन टीचर, काहीही असू शकतं. म्हणून वही करा. साधी दोनशे पानी. चावला की लगेच लिहायचं, किती वाजता, त्याच्या आधी काय चाललं होतं, चावल्यावर काय झालं म्हणजे तुम्ही काय केलंत. आम्ही याला एबीसी चार्ट म्हणतो. दोन आठवडे लिहिलंत की तुम्हालाच दिसायला लागेल. खूपदा असं निघतं की चावल्यावर नको असलेलं काम थांबतं, किंवा मोबाईल हातात मिळतो. तो वाईट नाही, त्याला तेवढीच भाषा येते. मग त्याच जागी दुसरी भाषा द्यायची, नको चं कार्ड, थांब चं कार्ड. आयआयटी मुंबईचं जेलो नावाचं फुकट अ‍ॅप आहे, चित्रावर बोट ठेवलं की बोलतं, ते टाकून बघा. कार्ड दाखवलं की पहिले काही दिवस काहीही झालं तरी ऐकायचंच, भले पोळी अर्धी राहिली तरी.

झोपेचंही सांगते. दहाला झोप येतच नाही त्या मुलाला दहाला आडवं करून तीन तास झटापट करण्यापेक्षा आधी साडेबाराला, जेव्हा खरंच झोपतो तेव्हाच पलंगावर न्या, लवकर झोप लागायला लागली की पाव-पाव तास मागे आणा. सकाळी मात्र किती का उशिरा झोपलेला असो सातला उठवायचं. रविवारीसुद्धा. दुपारी बसमध्ये झोपतो का बघा, आमच्याकडे बसमधल्या चाळीस मिनिटांनी बऱ्याच जणांची रात्र घालवलीये.

---

आजी_बिबवेवाडी

मला माझ्या सुनेने हे सगळं वाचून दाखवलं, लिहितीये पण तीच, मी सांगतेय.

पोरी, तुझ्या सासूबाईंवर रागावू नकोस. मीही अशीच होते. नातू नऊ वर्षांचा असताना त्याला झोपेसाठी आणि चिडचिडीसाठी क्लोनिडीन दिलं होतं. मला वाटायचं एवढ्याशा जिवाला कशाला गोळ्या, आमची मुलं काय गोळ्या खाऊन वाढली का. सून माहेरी गेली होती चार दिवस, नातू माझ्याकडे. मी गोळी दिलीच नाही. देवाशपथ सांगते मला वाटलं मी चांगलं करतेय. तिसऱ्या दिवशी पोर लालबुंद, डोकं गच्च धरून ओरडतंय, छाती धडधडतीये हाताला लागत होती. हॉस्पिटलमध्ये नेलं तर बीपी एवढं वाढलेलं की नर्सने दोनदा मोजलं. डॉक्टर म्हणाले ही गोळी एकदम बंद केली की असं होतं, कमी करत करतच थांबवायची असते. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं, सुनेला वाटलं सांगायची काय गरज, मला वाटलं विचारायची काय गरज.

तेव्हापासून दर तपासणीला मी जाते बरोबर. मला जे विचारायचं ते मी डॉक्टरांनाच विचारते. तू सासूबाईंना घेऊन जा. घरात बसून आपल्याला भीतीच वाटत राहते गं, दुसरं काही सुचत नाही.

---

पिल्लूची_आई, सिंहगड रोड

सगळ्यांचे खूप खूप आभार. रडत रडत वाचलं सगळं. टीचर, हो, आमच्या गॅलरीतून नदी दिसते. संध्याकाळी साडेसहाला सुरू होतो सराव, मी त्या वेळी स्वयंपाकात असते, माझ्या हे डोक्यातच आलं नाही कधी. डॉक्टरांना फोन केला, गोळी सुरू केली नाही हेही सांगितलं, त्या म्हणाल्या दोन आठवडे वही लिहा, तोवर तपासण्या करून घेऊ, धाकटीला मात्र त्याच्याबरोबर एकटं सोडू नका. सासूबाई येणारेत पुढच्या वेळी. कळवते.

---

पिल्लूची_आई, सिंहगड रोड

आठ आठवड्यांनी येतेय. बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं म्हणून सविस्तर लिहिते.

दात व्यवस्थित निघाले. पण डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं तर डावीकडे खाली कडक गोळे लागत होते, रोज शी होत होती तरी. पोट साफ व्हायची पावडर दिली, पाण्यात कळत नाही ती. आणि फेरिटिन ९ आलं, म्हणजे कमी, लोहाचं सिरप सुरू झालं. रात्री पाय झाडतो हे मी वर्षभर बघत होते, पांघरूण लाथेने खाली जायचं, मला वाटायचं उकडतंय.

वहीत दोन आठवड्यात २३ वेळा चावणं-मारणं, त्यातलं १६ वेळा साडेसहा ते नऊच्या मध्ये. टीचर, मी ती वही हातात घेऊन नुसती बसून राहिले. आता त्या वेळात त्याला धायरीला माझ्या बहिणीकडे नेतो, जमत नाही त्या दिवशी कानाला मोठे हेडफोन. पहिले दोन दिवस फेकले, तिसऱ्या दिवशी मीही एक घातला आणि त्याच्या शेजारी बसले तर राहू दिला. परवा त्याने स्वतः कपाटापाशी जाऊन हेडफोनच्या चित्रावर बोट ठेवलं.

एवढं सगळं करून चावणं निम्म्यावर आलं पण थांबलं नाही, एकदा शाळेतल्या मावशींना जोरात लागलं. मग डॉक्टरांशी बोलून रिस्पेरिडोन सुरू केलं, चार आठवडे झाले. सासूबाई आल्या होत्या, त्यांनी डॉक्टरांना पाऊण तास प्रश्न विचारले, मुलाला पुढे मुलं होतील का इथपर्यंत. आता शनिवारी सकाळी काट्यावर त्याला उभं करायचं काम त्यांचंच. पहिले तीन दिवस सकाळी पेंगत होता, शाळेतून फोन आला, माझा धीर सुटत आला होता. मग चिंचवडच्या दादांचं आठवून लगेच कळवलं, डॉक्टरांनी गोळी नऊऐवजी साडेसातला द्यायला सांगितली, आता सकाळी ठीक असतो. मागच्या आठवड्यात तीन वेळा चावला. झोप अकरापर्यंत लागते, चारला उठणं अजून आहे आठवड्यातून दोनदा तरी. मेलाटोनिन चालू आहे, टीव्ही आठनंतर बंद, याचा सगळ्यात जास्त त्रास नवऱ्याला झाला.

वजन सव्वा किलोने वाढलंय. हे मला खुपतंय. पुढच्या आठवड्यात रक्त तपासायचंय आणि त्यावर डॉक्टर बोलणारेत. शिऱ्याऐवजी चुरमुरे त्याला अजून पटलेले नाहीत.

कुकरचं विचारलं होतं एका ताईंनी. येतो. तिसऱ्या शिट्टीला, टाळ्या वाजवत. काल धाकटी पण त्याच्या मागे टाळ्या वाजवत आली, तो सरकला आणि तिला ओट्यापाशी जागा करून दिली. मी भाताचं झाकण हातात घेऊन तशीच उभी.

---

लेकीसाठी_काहीपण, कोथरूड

वाचून फार बरं वाटलं ताई. वहीचे रकाने कसे पाडलेत ते सांगाल का? शाळेत द्यायचीये मला.

---

पिल्लूची_आई, सिंहगड रोड

पाच रकाने आहेत. वेळ, आधी काय चाललं होतं, काय केलं, आम्ही काय केलं, आणि शेवटच्यात त्या दिवशीची शी आणि रात्रीची झोप. शेवटचा माझा मीच वाढवला. उद्या ऑफिसमध्ये स्कॅन करून टाकते इथे.